पाच वाजता आलेले मजूर

मी नाशिकची, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, त्यामुळे बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, पहिल्यांदा कधी ऐकला ते आठवतही नाही. मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पार पाच वाजता सुद्धा आणतो, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दीनार ठेवतो. संडे स्कूलमध्ये टीचरनी सांगितलं, देव दयाळू आहे, आम्ही माना डोलावल्या, झालं.

पुढे मी एका कंपनीत अकाउंट्सला लागले, रोज मस्टर, हजेरी, ओव्हरटाइम, आणि तेव्हा हाच दाखला चर्चमध्ये वाचला की मला खरंच राग यायचा. दिवसभर उन्हात राबलेल्याला जेवढे तेवढेच तासभर आलेल्याला, हा कुठला न्याय! पाळक साहेबांना एकदा विचारलं पण, ते म्हणाले आधी 19 वा अध्याय शेवटपर्यंत वाच. तिथे पेत्र हा शिष्य येशूला विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? हा दाखला म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे! अध्यायांचे आकडे फार नंतर, तेराव्या शतकाच्या सुमारास पडले, मूळ लिखाणात तिथे काही तुटत नाही, पण आपण 20 पासून वाचायला लागतो आणि पेत्राचा प्रश्न मागेच राहतो. तेव्हापासून मी कुठलाही उतारा वाचताना आधीचं अर्धं पान वाचतेच.

तरी ते सगळं डोक्यातच राहिलं. मग 46 व्या वर्षी माझी नोकरी गेली. जवळजवळ वर्षभर घरी होते, किती ठिकाणी अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले, कुठे वय आडवं आलं कुठे काहीच कळवलं नाही, आणि एका सकाळी नेहमीच्या वाचनात पुन्हा तोच दाखला आला. मालक पाच वाजता उभ्या असलेल्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. मी तिथेच थांबले, खूप रडले. इतकी वर्षं मी त्यांना उशिरा उगवलेले समजत होते, पण ते तर बाजारात उभेच होते, त्यांना कोणी घेतलंच नव्हतं.

आमच्याकडे मजुरांच्या नाक्यावर सकाळी कधी जाऊन बघा, डबा घेऊन माणसं उभी असतात, तगडी पोरं आधी उचलली जातात आणि दुपारी जे उरतात ते बहुतेक म्हातारे नाहीतर अंगाने बारीक. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, त्याहून कमी दिलं असतं तर त्या रात्री घरी चूल कशी पेटली असती? आणि मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची हे तर बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात नियमशास्त्रातच सांगितलंय, मजूर गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो म्हणून.

अजून एक गोष्ट मला मागच्याच वर्षी दिसली. मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटल्यांपासून सुरुवात कर. पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते आपला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते, काही तक्रार नाही. त्यांना थांबवून दाखवलंय, त्यांनी ते बघावं अशी मालकाची इच्छा आहे असं मला वाटतं.

बायबलमधल्या स्तोत्र 23 च्या बाबतीतही असंच. आई गेली त्या आठवड्यात वाचताना लक्षात आलं की पहिल्या तीन ओव्यांत देव 'तो' आहे, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो, आणि मृत्यूच्या दरीत पाऊल पडलं की एकदम 'तू' होतो, तू माझ्याबरोबर आहेस. लहानपणापासून पाठ होतं, हा बदल कधी जाणवलाच नव्हता.

आता मीच संडे स्कूल घेते. गेल्या महिन्यात दाखला सांगून झाल्यावर एक आठ वर्षांची पोरगी म्हणाली, टीचर, मालक सारखा सारखा बाजारात का जातो, त्याला सकाळीच कळलं नव्हतं का किती माणसं लागतील? मी तिला म्हटलं, बाळा, थांब, मला पुन्हा वाचू दे. अजून वाचतेय.