पोहऱ्यात किती येणार

झूमची रिंग फिरवत नेली की शेवटी एका जागी ती टक् करून थांबते. तिथे ३०० लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० मिलिमीटर फोकल लेंग्थ; हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. हे माझ्या हाताला पाठ आहे. तरीही समोर पक्षी असला की हात आणखी एकदा जोर लावून बघतो. ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो ना, तसा. रिंग काही हलत नाही. आणि खंड्या कॅमेऱ्याच्या खिडकीत तेवढाच राहतो, फांदीवर कोणी वाटाणा ठेवावा एवढा.

ज्यांच्याकडे ७०-३००ची स्वस्तातली झूम लेन्स आहे, त्यांना हा वाटाणा चांगला ओळखीचा असेल. वजनाला हलकी, कॅमेऱ्याला अडकवायचा माउंट प्लॅस्टिकचा, कॅमेरा गळ्यात लटकवून चाललं की नळी आपोआप घसरत लांब होते. ७० पासून २०० पर्यंत ही लेन्स अगदी शहाण्यासारखी वागते. त्यापुढे तिचा धीर सुटत जातो. ३०० वर पांढऱ्या पिसांना जांभळी किनार येते, कडा मऊ पडतात. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एक स्टॉप आवळून (म्हणजे प्रकाश निम्मा करून) एफ ५.६ चं एफ ८ केलं की पुष्कळ सावरते; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान, पण तेवढा प्रकाश असेल तर ना. आता गंमत अशी की मी तिला कायम राबवतो ते ३०० वरच. माझे जुने फोटो उघडून बघितले, तर दहातले नऊ ३०० वर काढलेले. बाकीची झूम मी फक्त ३०० ला पोहोचण्याचा रस्ता म्हणून वापरतो.

तर या वाटाण्यावर उपाय म्हणून मी टेलिकन्व्हर्टर घेतला. आधी १.४ पटीचा. मग, १.४ पटीने हाव भागत नाही हे कळल्यावर, २ पटीचा.

वस्तू दिसायला साधी. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारं एक जाड कडं, आत मोजक्या काचा. सगळ्या काचा मिळून काम एका अंतर्गोल भिंगाचं करतात: एकत्र येऊ पाहणाऱ्या किरणांना जरा फाकवायचं, म्हणजे प्रतिमा मोठी होऊन फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पडते. दुर्बिणवाले हीच युक्ती बार्लो लेन्स या नावाने वापरतात. पीटर बार्लो हा इंग्लंडमधला गणिती, आणि गोष्ट १८३०च्या दशकातली. फोटोग्राफी तेव्हा नुकती कुठे डोळे उघडत होती. म्हणजे माझी हाव जुनीच आहे, फक्त तेव्हाच्या लोकांना निदान ग्रह बघायचे होते.

गणित मोहात पाडणारं आहे. ३०० ला १.४ लावले की ४२०, दोनाने गुणले की ६००. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, भाषेत आणखी दीडपट धरायची. म्हणजे ९००. कन्व्हर्टर आणला त्या संध्याकाळी हा आकडा मी एकटाच असताना मोठ्याने म्हणून पाहिला होता. नऊशे! कानाला बरं वाटलं.

बिल नंतर येतं. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप खातो, २ चा दोन. एफ ५.६ची लेन्स पहिल्याने एफ ८ होते आणि दुसऱ्याने एफ ११, म्हणजे प्रकाश उरला चौथा हिस्सा. इकडे प्रतिमा दुप्पट मोठी, म्हणून हाताचा कंपही दुप्पट मोठा दिसणार. शटर सेकंदाच्या १/९०० च्या आसपास नेल्याशिवाय हातात धरून काढायची सोय नाही. प्रकाश चौथाई आणि शटर पळतं, मग मधला खड्डा भरायचा कोणी? आयएसओने, म्हणजे सेन्सरचा मिळालेला प्रकाश फुगवून; तो वाढवला की फोटो रवाळ होतो. ढगाळ सकाळी ६४०० वर काढलेला माझा एक बगळा आहे. बगळा पांढरा होता हे मला आठवतं म्हणून, नाहीतर फोटोत तो रव्याचा आहे.

मुलगी तेव्हा माझे फोटो तपासायची. तिचा शेरा एकच, आणि तो बघता बघताच यायचा: "बाबा, हललाय." कधी कधी फोटो हललेला नसायचा, लेन्सच मऊ असायची किंवा फोकस मागच्या पानांवर गेलेला असायचा, पण शेऱ्यात काही फरक नाही. व्ह्यूफाइंडरमधून ६०० मिलिमीटरवर बघताना स्वतःच्या छातीचे ठोकेसुद्धा फांदीत दिसतात. श्वास रोखला की ठोके आणखी ठळक.

कन्व्हर्टर बसवण्याचीही एक कथा आहे. पहिल्यांदा मी एका मित्राचा घेऊन बघितला, लेन्सच्याच कंपनीचा, उत्तम दर्जाचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसा. माझ्या आख्ख्या लेन्सपेक्षा तो एकटा महाग होता. लावायला गेलो तर मित्राने हातच धरला. "अरे थांब, काच फोडशील!" त्या कन्व्हर्टरचं तोंड पुढे आलेलं असतं. मोठ्या, भारी टेलिफोटोंच्या मागे आत पोकळी सोडलेली असते, तिथे ते तोंड शिरतं. स्वस्त झूमची शेवटची काच मात्र पार दारात येऊन बसलेली. तिच्यात हे तोंड खुपसलं की काचेवर काच. आपल्या लेन्ससाठी सपाट तोंडाचे कन्व्हर्टर असतात, ते दुसऱ्या कंपन्या बनवतात, आणि त्यांच्या काचेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

मग ऑटोफोकस. माझा कॅमेरा आरशाचा, डीएसएलआर. त्यातली फोकसची यंत्रणा लेन्सच्या दोन बाजूंनी येणारे किरण ताडून बघते, आणि बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत ती एफ ५.६ पर्यंतच्या लेन्स धरून बेतलेली असते. त्याहून अरुंद वाट असली की ज्या कडांवर तिची भिस्त, तिथून किरणच पोहोचत नाहीत. एफ ८ वर ती चाचपडते. घुर्र करत लेन्स एका टोकाला जाते, घुर्र करत परत येते, मध्ये क्षणभर पक्षी स्वच्छ दिसतो आणि ती त्याला ओलांडून पुढे जाते. एफ ११ वर चाचपडण्याचीही तसदी घेत नाही. यावर एक वात्रट उपाय आहे: कन्व्हर्टरच्या काही पिनांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा. कॅमेऱ्याला मध्ये कोणी बसलंय याचा पत्ता लागत नाही, तो आपला एफ ५.६ समजून प्रयत्न करत राहतो. भर उन्हात, उजेड-सावलीचा फरक ठळक असलेल्या कडेवर, कधी कधी फोकस लागतोही. कॅमेऱ्याशी असं खोटं बोलून काढलेल्या फोटोंच्या माहितीत मग फोकल लेंग्थ ३०० आणि ॲपर्चर एफ ५.६ नोंदलं जातं. वर्षभराने फोल्डर उघडलं की आपणही फसतो.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी हे दुखणं पुष्कळ कमी केलं. ते सेन्सरवरच फोकस करतात, त्यांना एफ ११चं वावडं नाही. २०२० साली कॅननने ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या दोन लेन्स आणल्या, दोन्हींचं ॲपर्चर एफ ११ वर कायमचं ठोकलेलं. ती बातमी वाचून मी जरा ताठ बसलो होतो. एफ ११ वर पक्षी टिपायचे म्हटलं की हसणारे मित्र होते माझे.

पण खरा प्रश्न प्रकाशाचाही नव्हता आणि फोकसचाही. कन्व्हर्टरने मला जास्त दिसतंय का, हा होता. एका रविवारी त्याचा निकाल लावायचं ठरवलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, छोट्या जाहिरातींचं. पंधरा मीटरवर ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चालू दृश्य) दहापट मोठा करून. आधी नुसती लेन्स ३०० वर. मग १.४. मग २. पहिल्या दोन फोटोंतला मधला भाग कापून, मोठा करून तिसऱ्याएवढा केला आणि तिन्ही ओळीने लावले. मुलीला बोलावलं. कोणता कशाचा ते सांगितलं नाही.

तिने नाक पडद्याला लावून जाहिराती वाचल्या. पुन्हा मागे जाऊन वाचल्या. म्हणाली, "बाबा, तिन्हींत तेवढंच वाचता येतंय. हा शेवटचा नुसता फुगलाय."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मी शंभर वेळा ऐकलं होतं, पण काचेच्या बाबतीत ऐकलं नव्हतं. पुढच्या लेन्सने जे बारकावे गोळाच केले नाहीत, ते मागचं भिंग कुठून आणणार? ते फक्त मिळालेलं पसरवतं, आणि पसरवताना जांभळी किनारही इमानदारीने दुप्पट रुंद करून देतं. माझा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर त्या लेन्सला आधीच पुरता पिळून घेत होता. भारी लेन्सची गोष्ट वेगळी. तिच्या आडात सेन्सरला उचलता येईल त्याहून जास्त पाणी असतं, म्हणून तिला कन्व्हर्टर मानवतो. ज्याला गरज कमी त्यालाच तो उपयोगी, असा हा उलटा मामला.

लेन्सचं ॲपर्चर एक स्टॉप आवळून हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा १.४ ने एक ओळ जास्त वाचून दिली. एकच, पण ती खरी होती. २ पटीवाल्याने तेव्हाही काही दिलं नाही. शिवाय तिथे एफ १६ होतं आणि एवढ्या अरुंद छिद्रातून येताना प्रकाश स्वतःच पसरतो, तो भाग वेगळाच. उत्साहाच्या भरात मी दोन्ही कन्व्हर्टर एकावर एक चढवूनही पाहिले आहेत. ८४० मिलिमीटर, एफ १६. त्याबद्दल इथे बोलायला नको.

मग ते विकून का टाकले नाहीत? चतुरामुळे.

कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं कमीत कमी फोकसचं अंतर बदलत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. नुसती लेन्स दीड मीटरवरून फोकस करत असेल तर कन्व्हर्टरसह ६०० मिलिमीटर होऊनही दीड मीटरवरूनच करते. लांबच्या पक्ष्यासाठी घेतलेली वस्तू जवळच्या किड्यासाठी कामाची निघाली. माझी लेन्स सेन्सरवर खऱ्याच्या पाव आकाराची प्रतिमा देते. २ पटीने तीच अर्ध्या आकाराची होते. पाण्याकाठच्या काडीवर बसलेला चतुर उडाला तरी पुष्कळदा त्याच काडीवर परत येतो. त्यामुळे ट्रायपॉड लावून, काडीवर आधीच फोकस धरून बसता येतं. ऊन भरपूर, अंतर थोडं, मधली हवा थरथरत नाही. (दूरच्या दुपारच्या फोटोंत निम्मा दोष तापलेल्या हवेचा असतो, तिला कोणतीच काच पुसू शकत नाही.) परतून बसताना तो आधी पायांनी काडी पकडतो, मग त्याचे पंख पुढे झुकतात. त्याचे डोळे वरून तपकिरी, खाली राखाडी, आणि मधल्या पट्ट्यात अगदी बारीक जाळी. लेन्सच्या आडात ही जाळी होती, कारण आड चार हातांवर होता. तो फोटो मुलीने बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता पुढच्यावर गेली. मी ते पदक समजतो.

आणि चंद्रामुळे. चंद्रापुरता हा स्वस्त जोड जणू मापून शिवलाय. पूर्ण चंद्रासाठी जुना नियम असा की एफ ११ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं: आयएसओ २०० तर १/२००. २ पटीवाल्यासह मला एफ ११ मुद्दाम ठेवावं लागतच नाही, छिद्र त्याहून मोठं उघडतच नाही. चंद्राची प्रतिमा फोकल लेंग्थच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. ३०० ला पावणेतीन मिलिमीटर, ६०० ला साडेपाच. सेन्सरच्या साडेपंधरा मिलिमीटर उंचीत ही साडेपाचाची चकती बघायला गोड दिसते. कापून मोठ्या केलेल्या पावणेतिनापेक्षा तिच्यात बारकावे फारसे जास्त नसतात, हे आता मला ठाऊक आहे. पण फोकस लावताना ती डोळ्यापुढे मोठी असते, आणि हाताने फोकस करणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट येतो, पापडासारखा. अर्ध्या चंद्रानंतर दोनेक दिवसांनी उजेड-अंधाराच्या सीमेजवळ कोपर्निकस विवर येतं, तेव्हा बघावं. नव्वद-एक किलोमीटर रुंद, आणि माझ्या फोटोत सदतीस-अडतीस पिक्सेल. शटर थोडं मंद करावं लागतं, एवढंच.

अशाच एका रात्री ट्रायपॉड लावला होता. २ पटीचा कन्व्हर्टर, लाइव्ह व्ह्यू दहापट, पडद्याच्या मधोमध कोपर्निकस, त्याच्या कडेवर एका बाजूने ऊन. फोकसची रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. मुलगी शेजारी वाकून बघत होती. दोन्ही हात मी मागे घेतले आणि टायमर लागायची वाट बघू लागलो. विवर हळूहळू सरकायला लागलं. मिनिटभरात ते पडद्याच्या कडेला पोचलं आणि अर्धं बाहेर गेलं.

"बाबा, हलवलास!" ती म्हणाली.

मी दोन्ही हात तिला दाखवले. या वेळी जे हलत होतं, ते माझ्यामुळे नव्हतं.