पीएस टू घेताय? आधी उलटा करून लेबल वाचा

मे महिन्यात आणि गणपतीत मला हमखास मेसेज येतात, कोणाच्या तरी माळ्यावर जुना पीएस टू (सोनीचा प्लेस्टेशन टू, टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन) सापडलेला असतो किंवा कोणी चाकरमानी मुंबईहून सेकंडहँड घेऊन आलेला असतो आणि समोरून फोटो काढून विचारतात की हा चांगला आहे का. समोरून काही कळत नाही हो. मोठा डबा असेल तर मागच्या बाजूचं आणि पातळ असेल तर खालच्या बाजूचं लेबल दाखवा, तिथे एससीपीएच लिहून पुढे पाच आकडे असतात आणि त्या पाच आकड्यांत सगळी कुंडली असते.

कारण पीएस टू हे एका मशीनचं नाव नाहीये खरं तर. ४ मार्च २००० ला जपानमध्ये आला आणि २०१३ उजाडेपर्यंत सोनी तो बनवत होती, १५ कोटींच्या वर विकला गेला, आणि एवढ्या वर्षांत गेम तेच, कंट्रोलर तोच, पण आतलं सामान इतक्या वेळा बदललं की पहिला आणि शेवटचा शेजारी उघडून ठेवले तर एकाच घरातले वाटणार नाहीत.

आधी शेवटचा आकडा बघा, तो देश सांगतो. ० म्हणजे जपान, १ अमेरिका, ३ ब्रिटन, ४ युरोप, ६ म्हणजे हाँगकाँग-सिंगापूरकडचा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे कारण किनाऱ्यावरच्या गावांत मशीन दुकानातून कमी आणि माणसांबरोबर जास्त आली. कोणाचा भाऊ आखातात, कोणाचे बाबा बोटीवर, त्यामुळे एकाच वाडीत तीन देशांचे पीएस टू सापडतात आणि एकाची गेम दुसऱ्यात चालत नाही म्हणून पोरं हैराण, अर्थात चिप मारलेली (देशाचं कुलूप तोडणारी जास्तीची चिप बसवलेली) असेल तर प्रश्न नाही. जुन्या फक्त पाल (आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) वाल्या टीव्हीवर अमेरिकन किंवा जपानी मशीन लावलं की चित्र काळं-पांढरं दिसतं नाहीतर वरखाली पळतं, त्याला लोक मशीन बिघडलं समजतात. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे मोठ्या डब्याचा पॉवर सप्लाय आतच असतो, जपानी डब्याचा १०० व्होल्टचा आणि अमेरिकन १२० चा, तो आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावला की संपला. लेबलवर व्होल्टेज छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पिन घालू नका प्लीज.

आता मॉडेल, ते पुढचे आकडे सांगतात, शेवटचा देशाचा आकडा मी खाली सगळीकडे ० धरलाय. अगदी पहिले जपानी, १०००० वाले, त्यांना मागे लॅपटॉपसारखा पीसी कार्डचा स्लॉट होता, ते आपल्याकडे मी क्वचितच बघितलेत. मग आला ३०००० चा काळ, त्याच्या मागे मोठी चौकोनी बे, म्हणजे मोकळा खण, आली, तिच्यात नेटवर्क अडॅप्टर लावून साडेतीन इंची आयडीई हार्डडिस्क बसते. ३९००० पण त्याच घरातला. चांगली दणकट मशीन आहेत ही, पण फॅनचा आवाज घरघर घरघर, रात्री माजघरात लावला की आजी उठणारच.

मला मनापासून आवडतो तो ५००००. फॅन शांत झाला, डीव्हीडीच्या रिमोटसाठी समोरच इन्फ्रारेड रिसीव्हर आला, रिराइटेबल डीव्हीडी वाजायला लागल्या, डीव्हीडीला प्रोग्रेसिव्ह स्कॅन (चित्र जास्त स्वच्छ) आला, समोरचा आय-लिंकचा पोर्ट (मशीन एकमेकांना जोडायचा) काढून टाकला जो कोणी वापरत नव्हतं, आणि हार्डडिस्कची बे मात्र ठेवली. म्हणजे जे नको ते गेलं आणि जे हवं ते राहिलं, असं सुधारित मॉडेल फार कमी वेळा येतं. बरं ह्याला ट्रे आहे, हे मी पुढे सांगतो का महत्त्वाचं ते.

२००४ च्या शेवटाला ७०००० आला, तोच तो स्लिम. उंची ७८ मिलिमीटरवरून २८ वर! लोक वेडे झाले होते तेव्हा. ईथरनेट पोर्ट आतच आला, पण हार्डडिस्कची बे गेली, ट्रे जाऊन वर उघडणारं झाकण आलं आणि पॉवर सप्लाय बाहेर गेला, साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर. सुरुवातीच्या अडॅप्टरमध्ये जास्त गरम होण्याची भानगड होती, २००५ मध्ये सोनीने ते परत मागवून बदलून दिले होते, त्यामुळे ७०००० बरोबर जुना मूळ अडॅप्टर असेल आणि तो बदललेला आहे की नाही माहीत नसेल तर मी तरी लावणार नाही.

मग ७५०००, आणि इथे गोष्ट खरी इंटरेस्टिंग होते. जुन्या सगळ्या पीएस टूच्या आत चक्क पीएस वनचा, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशनचा, प्रोसेसर होता, म्हणजे तीच चिप पीएस टूची गेम चालू असताना कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरे बारकी कामं बघायची आणि पीएस वनची सीडी घातली की पुढे येऊन स्वतः गेम चालवायची. काय सुंदर डोकं लावलंय बघा, जुन्या गेम चालाव्यात म्हणून जुनं काळीज तसंच ठेवलं आणि त्याला रोजचं काम पण दिलं. ७५००० मध्ये ते काढलं आणि त्या जागी पॉवरपीसी जातीची चिप घातली जी जुन्या चिपची नक्कल करते. नक्कल चांगली आहे, बहुतेक सगळं चालतं, पण काही गेम अडकतात, पीएस वनच्या पण आणि थोड्या पीएस टूच्या पण. म्हणून तुमच्याकडे पीएस वनच्या जुन्या सीडी असतील आणि त्या खेळायच्याच असतील तर ७५००० च्या खालचाच आकडा शोधा.

इमोशन इंजिन म्हणजे मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप, ह्या दोन आधी वेगळ्या होत्या, त्यांची मिळून एकच चिप झाली, ती आधी २००३ च्या डिसेंबरात जपानमध्ये पीएसएक्स नावाच्या रेकॉर्डरमध्ये आली आणि मग स्लिममध्ये. चिप कमी, उष्णता कमी, करंट कमी, खर्च कमी. ७७००० मध्ये बाहेरून सांगण्यासारखं फार नाही. ७९००० आला तो आधीच्या ९०० ग्रॅमवरून थेट ६०० ग्रॅमवर उतरला, अडॅप्टर पण हलका झाला. आणि २००७ च्या नोव्हेंबरात शेवटचा ९००००, त्यात पॉवर सप्लाय परत आत घेतला, म्हणजे अडॅप्टरची कटकट गेली, नुसती वायर लावा आणि खेळा. शहरात हा सगळ्यात सोयीचा. आपल्याकडेही २००९ मध्ये हैदराबादला बनलेली हनुमानाची गेम ह्याच मशीनवर आली होती, पीएस थ्री येऊन दोन वर्षं झाल्यावर, म्हणजे भारतात ह्याचा संसार किती लांबला बघा.

पण आपण समुद्राजवळ राहतो ना. इथे हिशोब बदलतो.

खारी हवा पहिली खाते ती आतली पत्र्याची शील्ड, तिला गंज चढतो, मग कंट्रोलरच्या पोर्टचे पॉइंट काळे पडतात, अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर पांढरी भुकटी येते. आणि पावसाळ्यात लेझरच्या भिंगावर ओल बसते, मग डिस्क रीड एरर. झाकणवाल्या स्लिममध्ये झाकण उघडलं की भिंग सरळ हवेला, दर वेळी डिस्क बदलताना त्याच्यावर दमट हवा आणि लाल मातीची धूळ. ट्रेवाल्या डब्यात भिंग आत लपलेलं असतं. म्हणून माझ्या मते किनाऱ्याला ५०००० सर्वात बरा, आणि हार्डडिस्कवर गेम ठेवल्या की लेझरला काम फारसं उरतच नाही.

जागा नसेल आणि स्लिमच हवा असेल तर ७७००० नाहीतर ७९००० घ्या, ९०००० च्या मी विरोधात आहे, इथल्यापुरता. कारण लाइट. मृगाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाते, येते, येताना झटका देऊन येते, परत जाते. आमच्या शेजारचे काका बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "भायरचो अडॅप्टर जळलो तर दुसरो गावतलो, आतलो जळलो मगे काय करतलस?" अगदी खरं आहे. साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर अजून मिळतो, ९०००० ची आतली प्लेट मात्र दुसरं मशीन फोडूनच काढावी लागते. कुठलंही मॉडेल असो, स्टॅबिलायझर लावाच, आणि विजा चमकायला लागल्या की पिन काढून ठेवा, अडॅप्टर आणि लॅनची वायर दोन्ही.

पावसाळ्यात मशीन पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवायची सवय सोडा, पिशवीत ओल अडकते आणि बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या टाकून ठेवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास खेळा, मशीनच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते. स्लिम उघडणारच असाल तर लेझरची रिबन केबल बघून घ्या, काही मशीनमध्ये ती वर उचलली जाऊन डिस्कला घासते आणि डिस्कवर गोल चरे पडतात, चिकटपट्टीने खाली बसवली की झालं. भिंगाला तोंडाची वाफ नको, कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

आणि एक, कोणी ९०००० स्वस्तात देतच असेल आणि तुम्हाला मेमरी कार्डवरून फ्री एमसीबूट (चिप न मारता बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालवायचं असेल तर लेबलवरचा डेट कोड बघा, एक आकडा आणि एक अक्षर असतं, आकडा वर्षाचा आणि अक्षर तिमाहीचं, म्हणजे ८सी म्हणजे २००८ ची जुलै ते सप्टेंबर. ८ए आणि ८बी वर ते चालतं, ८सी मध्ये काही चालतात काही नाही, ८डी पासून पुढे बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) बदलला आणि ते बंद झालं. तेव्हा ८सी असेल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या घरीच टीव्हीला लावा आणि सिस्टीमच्या मेनूमध्ये व्हर्जन बघा, कन्सोलच्या पुढे २.३० दिसलं तर तो नव्या बायोसचा आहे, त्या हिशोबाने भाव करा. फोटो पाठवणार असाल तर हे लेबल नीट फोकस करून पाठवा, गंज चढून आकडे पुसट झाले असतील तर टॉर्च तिरका धरून काढा, बऱ्याचदा दिसतात.