तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युरांटा अजून का आहे

"एवढं सगळं झालं, तरी ते झाड अजून ठेवलंयस?"

सहा वर्षं झाली. येणाऱ्याची नजर कुंपणाच्या कोपऱ्यातल्या ड्युरांटाच्या झुडपाकडे वळली की पुढे काय येणार ते मला कळतं. आजवर मी फुलपाखरांचं कारण पुढे करत आले. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. म्हणून आता एकदाच नीट सांगते.

आधी परदेशीपणाचं बघू. आपली झाडं कमी पडली का, असं कुणी म्हटलं की मी पूर्वी तावातावाने भांडायचे. पांढरा चाफा कुठला? बोगनवेल कुठली? पेरू, चिकू, मिरची? सगळी अमेरिका खंडातून आलेली, आणि आज त्यांना परकं म्हणायची कुणाची छाती आहे? ड्युरांटाही तिथलाच. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याची नोंद केली. नाव पडलं सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्यावरून. ही गोष्ट मी आल्यागेल्याला हौसेने ऐकवायचे. झाड आलं कुठून याला महत्त्व नाही, ते इथे कसं वागतं ते बघा, हे माझं ठरलेलं वाक्य.

तेव्हा मी घाणेरीचं नाव मात्र घेत नसे. घाणेरी ड्युरांटाच्याच कुळातली, तीही अमेरिकेतली, आणि तीही कुणीतरी बागेची शोभा म्हणूनच आणलेली. पुढे तिने रानंच्या रानं व्यापली. ड्युरांटाच्या एकेका फळात आठपर्यंत बिया असतात. पक्ष्यांना ती फळं बाधत नाहीत. ते खातात आणि बिया कुठेही टाकतात. ऑस्ट्रेलियात आणि हवाईत हे झुडूप बागेबाहेर पडून माजलं आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वाक्यात बसत नव्हतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं.

माहीत असून बाजूला ठेवण्याची माझी ही सवय नंतर फार महाग पडली.

भाची तेव्हा चार वर्षांची होती. ताई आत झोपली होती, मी दुसऱ्या टोकाला कुंड्या हलवत होते. ड्युरांटा ऐन बहरात होता. याचं एक आहे, फुलं आणि फळं एकाच वेळी अंगावर असतात. फांद्यांच्या टोकांना निळसर जांभळ्या फुलांचे तुरे आणि त्यांच्या खाली पिवळ्याधमक फळांचे लोंबते घोस. फळ सेंटिमीटरभर, गुळगुळीत, टोकाला बारीकशी वाकडी चोच. लहान मुलाच्या हाताला हवं तेवढंच, आणि घोस वाकून आलेले नेमके तिच्या उंचीला. ती झाडाखाली बसून फळं ओळीने मांडत होती. मी दोनदा तिकडे पाहिलं. दोन्ही वेळा मनात आलं, किती छान खेळतेय.

तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती चघळत होती.

मी धावले. तोंडात बोट घालून गर काढला. ओठांना पिवळा चिकटा लागला होता. "किती खाल्लीस?" तिने आधी तीन बोटं दाखवली, मग सगळी. मी मातीत बसून रिकामे देठ मोजायला लागले, जणू आकडा कळला की काही सुटणार होतं. नऊ देठ. त्यातली किती मांडलेली, किती हरवलेली आणि किती पोटात, कशाचाच मेळ लागेना. ताईला उठवलं. वाटेतच भाचीला उलटी झाली आणि मग ती पेंगुळली. ताई तिला सारखी हलवत होती, "झोपू नको, बाळा, माझ्याकडे बघ."

डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं झाड?" येईल त्याला लिनियस आणि दुरांते ऐकवणाऱ्या माझ्या तोंडून "पिवळी फळं येतात ते" एवढंच निघालं. फांदीही बरोबर घेतली नव्हती. नाव आठवायला दोन-तीन मिनिटं गेली असतील. ती मिनिटं मी अजून विसरलेले नाही. तुमच्या घरी असं कधी झालंच, तर त्या झाडाची पानाफळांसकट डहाळी बरोबर न्या, आणि घरच्या घरी उलटी काढायला जाऊ नका.

रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवलं. पहाटे तिने पाणी मागितलं. ती बरी झाली.

नंतर सगळे मला सावरायला लागले. "तुला तरी काय माहीत, विषारी असतं ते!" मी गप्प राहिले. पण मला माहीत होतं. रोप लावलं त्याच आठवड्यात मी वाचलं होतं की फळं माणसाला आणि कुत्र्यामांजरांना विषारी, पोट बिघडतं, गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. वाचलं, आणि वाटलं, आपल्या घरात कुठे लहान मूल आहे? घरात नव्हतं. पण येत तर होतं.

दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन गेले. घोस सगळे कापले आणि खोडापाशी थांबले. फुलांवर मधमाश्या होत्या, पण त्यांच्यासाठी थांबले असं आता म्हणणार नाही. झाड तोडलं की सगळं त्याच्यावर ढकलून मी मोकळी होईन, असं काहीसं डोक्यात आलं. तो विचार मला तेव्हा फार प्रामाणिक वाटला होता. आता शंका येते की झाड वाचवायला मी एक भारदस्त कारण शोधलं. ते मला आवडतं, अजूनही. त्या रंगाचं दुसरं काही माझ्या बागेत नाही.

तेव्हापासून तुरा सुकायला लागला की मी तो फळ धरायच्या आत कापते. नव्या फुटीवर पुन्हा फुलं येतात, त्यामुळे झाडाचं काही अडत नाही. बहरात दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारते. तरी मागच्या खेपेला पानांआड एक घोस सापडला, चार फळं, पिकलेली. म्हणजे माझा बंदोबस्त पुरा पडतो असंही मी म्हणू शकत नाही. फुलं येऊच न देता कुंपणासारखं छाटत राहा, असं काहीजण सुचवतात. मग ठेवायचंच कशाला?

सगळे विचारतात, फक्त ताईने कधी विचारलं नाही. भाची आता दहा वर्षांची आहे, तिला यातलं काही आठवत नाही. ताई आली की बागेतली खुर्ची उचलते आणि झाडाकडे तोंड करून बसते. बोलता बोलताही तिचं लक्ष तिकडेच असतं.

काढून टाकू का, असं मी तिला अजून विचारलेलं नाही. ती हो म्हणाली तर काढावं लागेल.