रिव्हर्ब प्रकल्पाची नोंद : सोळा डिले लाइन आणि मॅट्रिक्सची निवड

रिव्हर्ब म्हणजे खोलीतला घुमारा कृत्रिमरीत्या निर्माण करणे. त्यासाठीचा माझा आठ डिले लाइनचा फीडबॅक डिले नेटवर्क आता स्थिर चालतो : यात प्रत्येक लाइन ध्वनी ठरावीक उशिराने बाहेर सोडते आणि तो मिसळून पुन्हा सर्व लाइनमध्ये फिरवला जातो. त्यामुळे या महिन्यात लाइनची संख्या (४, ८ किंवा १६), खोलीचा आकार आणि नाद विरण्याचा काळ या गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती देण्याचे काम घेतले.

सर्वप्रथम फीडबॅकचा, म्हणजे दर फेरीला किती ध्वनी परत फिरवायचा हे ठरवणारा, नॉब काढून टाकला, कारण ०.८५ या आकड्यावरून संगीतकाराला काहीच बोध होत नाही. नाद ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागावेत, एवढेच आता विचारले जाते आणि प्रत्येक लाइनचा गुणक (दर फेरीला ध्वनी ज्याने गुणला जातो तो आकडा) तिच्या लांबीवरून काढला जातो. सेकंदाला ४८००० सॅम्पल (ध्वनीचे नमुने) या दराला १४९९ सॅम्पलची लाइन ३१.२ मिलिसेकंदांची होते आणि २ सेकंदांच्या घुमाऱ्यासाठी तिला ०.८९८ हा गुणक लागतो. ३३०१ सॅम्पलच्या लाइनला तो ०.७८९ लागतो. पूर्वी सर्व लाइनना एकच गुणक होता, तेव्हा बाकीचा नाद विरल्यावरही काही कंप्रता मागे रेंगाळत असत. तो दोष आता गेला.

खरी अडचण सोळा लाइनवर आली. लाइन वाढवल्या की घुमारा दाट होईल, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात तबल्याच्या चाटेवरचा एकच 'ना' कोरड्या ध्वनिमुद्रणातून सोडला, तेव्हा आठ लाइनवर मऊ पसरणारा तोच आघात सोळा लाइनवर पत्र्यावर खडे पडल्यासारखा तडतडला. दोन संध्याकाळी मी लाइनच्या लांबी बदलून पाहण्यात घालवल्या, पण दोष तिथे नव्हताच.

दोष हाउसहोल्डर मॅट्रिक्सच्या वापरात होता. कोणत्या लाइनचा किती ध्वनी कोणत्या लाइनमध्ये परत जायचा, हे ठरवणारा आकड्यांचा तक्ता म्हणजे इथली मॅट्रिक्स. ही मॅट्रिक्स फार स्वस्त पडते : सर्व लाइनची बेरीज एकदा करायची, तिला दोनने गुणून लाइनच्या संख्येने भागायचे आणि आलेला आकडा प्रत्येक लाइनमधून वजा करायचा. चार लाइनना प्रत्येक लाइन स्वतःकडे ०.५ आणि इतरांकडे उणे ०.५ एवढा ध्वनी पाठवते, म्हणजे मिश्रण अगदी समान होते. आठवर हेच आकडे ०.७५ आणि उणे ०.२५ होतात, तर सोळावर ०.८७५ आणि उणे ०.१२५. म्हणजे लाइन जितक्या जास्त, तितकी प्रत्येक लाइन स्वतःशीच बोलत राहते आणि सगळी रचना श्रोडर यांच्या १९६२ च्या कृत्रिम रिव्हर्बच्या आराखड्यातील समांतर कोम्ब फिल्टरांकडे (एकमेकांत न मिसळता स्वतःचाच ध्वनी परत फिरवणाऱ्या डिले लाइनकडे) झुकते. त्या आराखड्यात निदान पुढे प्रतिध्वनी दाट करणारे दोन ऑलपास फिल्टर तरी होते.

त्यामुळे आठ आणि सोळा लाइनसाठी आता हॅडामार्ड मॅट्रिक्स बसवली आहे. तिच्यात प्रत्येक लाइनचा ध्वनी सर्व लाइनमध्ये सारख्याच प्रमाणात जातो, फक्त चिन्हे बदलतात. सोळा लाइनची बेरीज-वजाबाकी चार टप्प्यांत, एकूण ६४ क्रियांत होते आणि शेवटी सर्व आकडे चारने भागले जातात. तोच 'ना' आता पहिल्या काही क्षणांतच दाट होतो आणि त्याचा तडतडाट ऐकू येत नाही. चार लाइनवर हाउसहोल्डरच ठेवली आहे.

आकाराचा नॉब मात्र अजून अपुरा आहे. आवाज चालू असताना तो फिरवला की लाइनची लांबी सरकते आणि घुमाऱ्याचा सूर वर-खाली घसरतो. तानपुऱ्यावर हे फारच खटकते. सध्या जुन्या आणि नव्या लांबीवरून एकाच वेळी वाचन करून ५० मिलिसेकंदांत एकातून दुसऱ्यात जाण्याचा प्रयोग चालू आहे. सूर घसरणे त्याने थांबले आहे, पण नॉब सलग फिरवत राहिल्यास हलकी थरथर अजून जाणवते.