‘काळा’ शब्दाला लाल रंग

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी, अकोला जिल्ह्यातली. पहिली-दुसरी माझ्याकडे. गेल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, वाचनाचं एक ॲप दाखवलं. मूल टॅबसमोर मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, चुकलेला शब्द लाल होतो, शेवटी मिनिटाला किती शब्द वाचले ते कळतं. वाचून दाखवलं ते प्रशिक्षकांनीच, स्वच्छ पुस्तकी मराठीत. मग प्रपत्र आलं. आकर्षक आहे का? वापरायला सोपं आहे का? मुलं रमतील का? चहा येईपर्यंत सगळ्यांच्या ‘हो’वर खुणा करून झाल्या. माझ्याही. तोवर एकाही मुलाने त्याला हात लावला नव्हता.

मंगळवारी वर्गात टॅब काढला. दुसरीतली माझी सगळ्यांत तयार मुलगी पहिली बसली. पडद्यावर ‘काळा ढग आला.’ तिने वाचलं, ‘काया ढग आला.’ आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. शब्द लाल. पुन्हा वाचलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा आवाज इतका बारीक झाला की ‘ढग’सुद्धा लाल झाला. मी टॅब बाजूला ठेवून विचारलं, “काया म्हणजे कसा गं?” तिने वेणी पुढे ओढली. “असा.”

तिच्यानंतरचा मुलगा खिडकीबाहेरच्या शेळ्या बघत धडाधड म्हणत होता. मी मजकुरावर तळहात ठेवला, तरी थांबेना. गोष्ट आधी ऐकून पाठ झाली होती. त्याला पाच तारे. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचायचे आहेत, तेही अपरिचित मजकुरातले. ॲपच्या हिशेबात तो पुढे, ती मागे.

शाळा सुटल्यावर मी स्वतः बसले. ‘आंबा गोड आहे’ हे मुद्दाम ‘गोल आहे’ असं वाचलं, चाललं. ‘बाटली’ म्हणून लगेच ‘बादली’ अशी दुरुस्ती केली, लाल. मी वाचन तपासताना गाळलेला शब्द, बदललेला शब्द, बोलीतला उच्चार आणि मुलाने स्वतः सुधारलेली चूक अशा चार वेगळ्या खुणा करते. स्वतःहून मागे येणारं मूल अर्थ लावत वाचत असतं, त्या खुणेचा मला सगळ्यांत जास्त आनंद होतो.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले तेव्हापासून किती प्रशिक्षणं केली! प्रत्येकात बटण कुठे दाबायचं ते शिकवलं. साधन घेऊन एका मुलाशेजारी अर्धा तास बसा आणि मग मत द्या, असं कुणी म्हटलं नाही. याचा मला राग आहे.

हे सगळं दोन पानांवर लिहून आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दिलं. ते म्हणाले, “मॅडम, प्रपत्र तर तुम्हीच भरलंय.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बुधवारी फळ्यावर ‘शाळा’ लिहिलं. ती उठली, ‘शा’ म्हणाली आणि टॅबच्या कपाटाकडे बघत गप्प उभी राहिली.