मला ठाऊक नसलेली आत्या

माझी पहिली कादंबरी गेल्या वर्षी छापून आली. लिहिणारी मी, पैसे घालणारी मी, आणि आतल्या पानावर प्रकाशक म्हणून नावही माझंच. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम हाती घेतलं होतं. तेव्हापासून बडोद्यातल्या ओळखीच्या मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतं, की आमच्याकडेही आठवणींच्या वह्या पडून आहेत, त्यांची कादंबरी कशी करायची? तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमचं घर दांडिया बाजारातलं. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०मध्ये गुजरात वेगळं झालं, पण आमच्यासारखी पुष्कळ मराठी घरं इथेच राहिली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती, आणि झोपाळ्यावर दोन्ही. लहानपणाची शिदोरी भरपूर होती. कमाटीबागेतली बेबी ट्रेन, खंडेराव मार्केटातून आजोबांबरोबर आणलेली भाजी, दसऱ्याची गर्दी, भाकरवडी, लिलो चेवडो, जिन्याखालची अंधारी कोठी. हे सगळं आधी वहीत उतरवलं. क्रम लावला नाही, भाषा सजवली नाही. त्यात कथा शोधायची नाही असं ठरवूनच बसले होते. माझं मत असं, की हा टप्पा सगळ्यांनी करावा आणि घाई न करता करावा. आठवण आधी मोकळेपणी कागदावर आली नाही तर ती पुढे प्रत्येक पात्राच्या तोंडात शिरते आणि कथेला हलू देत नाही.

वही भरली तेव्हा एक गोष्ट दिसली. सगळ्यात जास्त पानं १९७४च्या सुरुवातीच्या संचारबंदीची होती. मी चौथीत होते. शाळा बंद, बाबा घरी, काका घरी, दिवसभर बदाम सात. रात्री दिवाणखान्यात सगळ्यांची अंथरुणं एकत्र. आणि आत्याच्या हातची वरणफळं, दर एक-दोन दिवसांनी वरणफळं! आम्हा मुलांना ती सणासारखी वाटायची. तेलाचा रिकामा डबा आमचा ढोल होता. मला विचाराल तर बालपणातले सगळ्यात सुखाचे दिवस ते.

मग मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसू लागले. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्याचं हे मूळ ठिकाण. तिथे त्या वर्षाबद्दल जे मिळालं ते वाचून काढलं. लहानपणी आम्ही जिला नुसती सुट्टी समजत होतो, ते नवनिर्माण आंदोलन होतं. डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात खानावळीचं बिल वाढलं म्हणून मुलं उठली, आणि पाहता पाहता महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध सगळा गुजरात पेटला. धान्य महाग, शेंगतेल महाग. ९ फेब्रुवारी १९७४ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली.

शेंगतेलाबद्दल वाचताना तो डबा पुन्हा आठवला, आणि त्याबरोबर एक तपशील जो मी वहीत लिहिलाच नव्हता. डबा आमच्या हातात यायच्या आधी रात्रभर स्वयंपाकघरात उलटा असायचा. वरच्या बाजूला दोन भोकं पाडलेली, एक तेल ओतायला, एक हवेला. आत्या तो दोन पाटांच्या फटीवर तिरका उलटा ठेवायची आणि खाली पितळेची वाटी. सकाळी वाटीच्या तळाशी बोटभर रुंद पिवळी कड जमलेली असायची. ती फोडणीच्या पळीत जायची. मग आत्या डब्याच्या आत चिंधी फिरवायची आणि ती चिंधी दिव्यासाठी ठेवायची. आणि मग डबा आमचा. वरणफळांना तेल जेमतेम लागतं, भाजी लागतच नाही. शेजारच्या बा दारातून सांगायच्या, "आजे शाक नथी मळ्युं," म्हणजे आज भाजी मिळाली नाही. आत्या डाळ शिजत टाकायची आणि आम्ही आनंदाने ओरडायचो.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. माझं सुख खरंच होतं, त्यात खोटं काही नाही. पण ते दुसरं कुणीतरी निभावून नेत होतं, आणि माझ्या आठवणीत त्या माणसाला चेहरा होता, इच्छा नव्हती. आठवणीतली माणसं आपल्यासाठी असतात. आजी लाडू देते, काका खांद्यावर घेतात, आत्या वरणफळं करते. कादंबरीतल्या माणसाला स्वतःचं काहीतरी हवं असावं लागतं आणि ते कशाने तरी अडावं लागतं.

आत्याला काय हवं होतं? मी भावंडांना विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाची संचारबंदी वेगळी. ताईला तर त्या दिवसांतला सूरसागर तलावातला शंकराचा उंच पुतळाही आठवत होता, जो पुष्कळ वर्षांनंतर उभा राहिला. धाकट्या भावाला फक्त पोलिसांची शिट्टी आठवते. पण ताईच बोलता बोलता म्हणाली, "अगं, त्याच सुमारास आत्याचं मुंबईला एका शाळेत नोकरीचं चाललं होतं ना. मग ते राहूनच गेलं."

का राहिलं, कुणाला माहीत नाही. आत्याला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. बाबा नाहीत, काका नाहीत. मी त्या वाक्यापाशी अडले आणि तिथूनच कादंबरी सुरू झाली. मला ठाऊक असलेलं सगळं वहीत होतं. रचायला जागा मिळाली ती जिथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं तिथे. मुलाखतीची तारीख आणि संचारबंदी एकाच आठवड्यात आली तर? घरातले पुरुष पत्ते खेळत बसलेत, ताटं वेळेवर लागतायत, आणि जी बाई ती लावते तिच्या ब्लाउजच्या घडीत मुंबईचं पत्र आहे. हे झालं होतं असा माझा दावा नाही. त्या घरात हे होऊ शकलं असतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

यानंतरचं काम कष्टाचं होतं. आधी मी 'मी'ला काढलं. नऊ वर्षांची मुलगी कथा सांगू लागली की सगळं पुन्हा गोड व्हायचं, म्हणून कथा तृतीयपुरुषात नेली आणि मुलगी एका कोपऱ्यात डबा वाजवत राहिली. मग आत्याला आत्या राहू दिलं नाही. कादंबरीतली बाई त्या घरातली विधवा भावजय आहे, घर रावपुऱ्यात आहे, तिचा स्वभाव अर्धा आत्याचा आणि अर्धा माझ्या बँकेतल्या एका सहकारी बाईंचा. दोन काकांचा एक दीर झाला. माणूस ओळखू येऊ नये हा हेतू होताच, पण त्याहून मोठा फायदा असा की पात्र परकं झाल्यावर मला त्याच्याशी कठोर वागता आलं. खरी आत्या दारामागे उभी राहून बोलणं ऐकते, असा प्रसंग मी लिहूच शकले नसते.

कमाटीबागेचं प्रकरण काढलं. बँडस्टँड, बेबी ट्रेन, रविवारची संध्याकाळ, सगळं मनासारखं उतरलं होतं. पण त्या बाईला बागेत काही काम नव्हतं. ते पान पान वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्याचा वेगळा ललित लेख होईल. मी एकच कसोटी लावली होती: ही जागा, हा पदार्थ, हा आवाज कादंबरीतल्या कुणाला तरी लागतो का? वरणफळं राहिली. भाकरवडी गेली.

आत्याची तिच्या मैत्रिणीला लिहिलेली काही पत्रं आमच्याकडे परत आली होती. मोह फार झाला. इथे कायदा समजून घ्या. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. आत्याच्या बाबतीत वारस म्हणजे आम्ही भावंडंच, त्यामुळे लेखी संमती सहज मिळाली असती. तरी मी एकही ओळ जशीच्या तशी घेतली नाही. तिने ती मैत्रिणीसाठी लिहिली होती. पत्रांतून मी तिचा श्वास तेवढा घेतला: छोटी वाक्यं, तक्रार आली की लगेच हवापाण्याची चौकशी. बदनामीबद्दलही विचारणा होते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलंही, जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलं असेल तर, त्या कायद्यात येऊ शकतं. शंका असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवावं.

संपादन आणि मुद्रितशोधन पैसे देऊन करून घेतलं, आणि त्यात कसर करू नये असं माझं ठाम मत आहे. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी संवादांतली बडोद्याची मराठी पुस्तकी करून पाठवली होती. "येतेस ने?" चं "येतेस ना?" झालं होतं, सगळीकडे. निवेदनातल्या त्यांच्या दुरुस्त्या मी आभार मानून घेतल्या, संवाद एकेक करून पूर्ववत केले. आमची माणसं अशीच बोलतात, आणि त्यांच्या तोंडी पुण्याची भाषा घातली तर रावपुऱ्याचं घर उभंच राहत नाही.

छपाईचं थोडक्यात सांगते. मजकूर युनिकोडमध्ये टाईप केला होता. अक्षरजुळणी करणाऱ्यांनी तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नेला आणि 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' अशा शब्दांतला र जागोजागी मोडला. फॉन्ट बदलल्यावर पूर्ण पुस्तक पुन्हा वाचायचं, नुसतं चाळायचं नाही. डेमी आकार, १६ पानांचा एक फर्मा, असे १३ फर्मे म्हणजे २०८ पानं. पानं फर्म्याच्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो. ती शिक्षण मंत्रालयाखाली आहे, अर्ज ऑनलाईन करायचा, फी नाही, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. मुखपृष्ठ छपाईला जायच्या बरंच आधी हे करा, कारण नंबर मागच्या पानावर छापायचा असतो. किंडलवर मराठी ई-पुस्तक चढवता येतं आणि त्यासाठी आयएसबीएनची सक्ती नाही. आणि एक गोष्ट, जी बरेच स्वयंप्रकाशक करत नाहीत: १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. मला तर ते काम फार आवडलं. बडोद्याच्या एका स्वयंपाकघराची गोष्ट चार शहरांत जपून ठेवली जाणार होती.

३०० प्रती काढल्या. दुकानांचं कमिशन मोठं असतं, त्यामुळे बहुतेक प्रती हातोहात गेल्या: वाचक मंडळात, लग्नकार्यात, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे. ताईने वाचून फोन केला आणि अर्धा तास वाद घातला. "आत्या इतकी गप्प बसली नसती, तिने भांडून बाबांना स्टेशनवर न्यायला लावलं असतं." आत्याबद्दल ताईचं बरोबरच असेल, ती तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखायची. कादंबरीतली भावजय मात्र भांडत नाही. तिच्या पदरात मूल आहे आणि घर तिच्या माहेरचं नाही. ताईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, मग पुढचं पुस्तक भांडणाऱ्या बाईवर लिही.

वाचकांचे फोन येतात ते जवळजवळ सगळे तेलाच्या डब्याबद्दल. अहमदाबाद, सुरत, नवसारीकडची मराठी घरं, कुणाची आई चिंधी फिरवायची, कुणाची गरम पाणी घालून डबा खळखळवायची आणि त्या पाण्यात कणीक भिजवायची. हे सगळं मी वेगळ्या वहीत लिहून ठेवते, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, आणि वापरलं तर चालेल का हे त्याच फोनवर विचारून घेते. दोघींनी नको म्हटलं. त्यांच्या पानांवर तशी खूण केली आहे.