डेलियाचे कंद जमिनीतच ठेवण्याचा माझा अनुभव: झाकणं सोपं, वाट पाहणं अवघड

डेलियाचे कंद दरवर्षी उपटून, सुकवून, भुशात भरून ठेवायचे नसतील तर ते वाफ्यातच राहू देता येतात. मी तेच करते. झाकायचं काम फार तर एका दुपारचं. खरी परीक्षा थंडी सरल्यावर असते. आजूबाजूच्या प्रत्येक झाडाला पालवी फुटलेली आणि डेलियाच्या जागी नुसती काळी माती. "वसंतात आच्छादन काढा, नवे कोंब येतील" असं एका वाक्यात हा काळ उरकून टाकणाऱ्या सल्ल्यांचा मला अजूनही राग येतो. थंडीतून वाचलेला कंद आपल्याच हातून मरतो तो नेमका याच दिवसांत.

आधी झाकण्याबद्दल थोडक्यात. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की खोड जमिनीपासून १०-१५ सेंमी ठेवून छाटायचं. डेलियाचं खोड आतून पोकळ असतं, त्यामुळे कापलेल्या तोंडातून पाणी थेट बुंध्यात उतरतं आणि कुज तिथूनच सुरू होते. म्हणून आधी माती ओढून बुंध्यावर उंचवटा करायचा, त्यावर १०-१५ सेंमी जाडीचा कोरडा पालापाचोळा किंवा पेंढा आणि सगळ्यात वर पाणी अडवणारं काहीतरी, म्हणजे जाड प्लास्टिक किंवा पालथा ट्रे. कडा मात्र मोकळ्या ठेवा, आत हवा खेळली पाहिजे. कंदाजवळची माती गोठली की कंदातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि तो लिबलिबीत होऊन जातो. जमीन खोलवर गोठते अशा ठिकाणी हा मार्ग धरूच नये, तिथे कंद काढलेलेच बरे. चिकण मातीत पाणी साचत असेल तरीही तेच.

आता कोंबांची वाट पाहणं. हवा उबदार झाली म्हणजे मातीही उबदार झाली असं नसतं. १०-१५ सेंमी खोलीवरची माती हळूहळू तापते आणि साधारण १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आल्याशिवाय डेलिया जोमाने हलत नाही. थंडीत उपयोगी पडलेलं आच्छादन इथे आडवं येतं, कारण ते ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही. कडक हिमाचा धोका टळला की पालापाचोळा बाजूला सारायचा, पण फेकायचा नाही. एखादी रात्र पुन्हा गारठली तर तोच परत ओढून घेता येतो. वर केलेला मातीचा उंचवटाही उतरवा. तेवढ्याने कोंबाचा प्रवास कमी होतो.

आणि पाणी घालू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. काही दिसत नाही म्हणून रोज झारी फिरवण्याचा मोह होतो, पण कोंब येईपर्यंत कंदाला पानं नसतात, शोषणारी नवी मुळं जेमतेम असतात. ते पाणी वापरायला तिथे कुणी नसतं. थंड, ओल्या मातीत मग बुरशीचं फावतं. लागणारी ओल कंदाच्या पोटात असते. वाफा पार कोरडा ठणठणीत झाला तरच हलकं शिंपण करावं. खताचंही तसंच, कोंब वर येईपर्यंत काही नको.

दुसरा मोह उकरून बघण्याचा. खुरपं अजिबात लावू नका. डेलियाचे डोळे बटाट्यासारखे कंदभर पसरलेले नसतात. ते फक्त खोडाच्या बुडाशी, कंदाची मान जिथे जोडलेली असते त्या पट्ट्यात असतात. खुरप्याचा एक फटका आणि मान तुटली, की खालचा कंद कितीही टणक असला तरी त्यातून काही उगवत नाही. बघायचंच असेल तर जुन्या खोडाच्या खुंटाभोवतीची माती बोटांनी हळूच बाजूला करा. टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी किंवा फिकट हिरवे फुगवटे दिसले की माती परत लोटायची आणि हात काढून घ्यायचा. डोळे दिसले नाहीत, पण कंद दाबून टणक लागला, तर अजून थांबा. जरा सुरकुतलेला कंदही जिवंत असतो. बोट आत रुतलं, तपकिरी पाणी आलं, आंबूस वास आला तरच तो कंद गेला. अशा वेळीही सगळा गड्डा उपटू नये. शेजारचे कंद आणि बुंधा शाबूत असेल तर तेवढ्यावर झाड उभं राहतं.

एकाच वाफ्यातल्या दोन जातींत काही आठवड्यांचं अंतर पडू शकतं, हेही ध्यानात असू द्या. एक फूटभर वाढलेली आणि दुसरी अजून मातीखाली, म्हणून दुसरी मेली असं धरून तिथे नवीन रोप खोचू नका.

कधीकधी कोंब आलेले असतात आणि आपल्याला दिसतच नाहीत, कारण गोगलगायी ते मातीशीच खाऊन टाकतात. मातीवर चकाकणारे ओघळ दिसले, खुंटाशी कुरतडलेली टोकं सापडली, की अंधार पडल्यावर विजेरी घेऊन त्या वेचायच्या. खरं तर आच्छादन काढतानाच तळाशी त्यांची अंडी शोधावीत. पांढुरक्या, पारदर्शक मण्यांचे पुंजके असतात.

काठी मात्र थंडीआधीच, झाड कापतानाच रोवून ठेवा. जागा कळते आणि पुढे आधार देताना कंदात भोक पडत नाही.

कोंब वर आले की एका गड्ड्याला ३ ते ५ जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. बुडाच्या छोट्या तुकड्यासकट काढले तर त्यांना मुळं फुटतात आणि नवी रोपं मिळतात. पानांच्या ३-४ जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. जमिनीतला गड्डा दर वर्षी दाटत जातो, म्हणून दोन-तीन वर्षांनी वसंतात, डोळे स्पष्ट दिसत असताना तो काढून विभागावा. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा हवा, आणि कापलेली बाजू सुकल्यावरच लागवड करावी.